पुढची पायरी कोणी सांगायची?

सकाळच्या गाडीच्या वेळी डहाणू रोड स्टेशनवर जरा उभं राहून बघा. बोईसरच्या कारखान्यांत जाणाऱ्या, पालघरच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या, पार विरार-बोरिवली गाठणाऱ्या अशा सगळ्या बायका डबा आणि पर्स सांभाळत उभ्या असतात. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली आणि लांबची नोकरीही थोडी आवाक्यात आली. गाडी न पकडणाऱ्याही कमी नाहीत. कुणी फुग्यांच्या कारखान्यात, कुणी दवाखान्यात, कुणी कापडाच्या दुकानात, तर कुणी पाड्यावरच्या अंगणवाडीत.

यातल्या कुणालाही विचारा, "किती वर्षं झाली गं नोकरीला?" उत्तर पटकन येतं. "आणि आता पुढे काय?" असं विचारलं की मात्र ती हसते. "पुढे काय असायचंय? आहे ते टिकलं म्हणजे मिळवलं!"

या हसण्याचा मला राग येत नाही, पण वाईट वाटतं. कारण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. घरातल्या मुलाला नोकरी लागली की मामा, काका, शेजारी, सगळे पुढचं सांगायला तयार असतात. ही परीक्षा दे, त्या खात्यात जागा निघाल्यात. बाईची नोकरी म्हणजे घराला हातभार! हातभाराला कसली आलीये बढती?

अंगणवाडीचंच बघू. आपल्या डहाणू-तलासरीत घरटी नाही तरी पाड्यागणिक एखादी सेविका किंवा मदतनीस असतेच. मध्यंतरी अशीच एक मदतनीस भेटली. नऊ वर्षं झाडलोट, खिचडी, मुलांना घरून आणणं. सेविका रजेवर असली की बडबडगीतं, वजनं, रजिस्टर हेही तीच बघते. "मग सेविकेच्या जागेसाठी अर्ज का नाही केलास?" म्हटलं, तर तिचे डोळे मोठे झाले. "आम्हाला करता येतो?" करता येतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या रिकाम्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून आणि मुख्य सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षांच्या सेविकांमधून भरायच्या आहेत, शिक्षणाची व इतर अट पूर्ण असेल तर. तिचं शिक्षण दहावीवर थांबलेलं. पण बारावी बाहेरून करता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरून, हे तिला नऊ वर्षांत एकदा जरी कुणी सांगितलं असतं, तर? दर महिन्याला मीटिंगा होतात. त्यात आहाराचे आकडे, मोबाईलमध्ये भरायची माहिती, लसीकरण सगळं निघतं. तिच्या स्वतःच्या नोकरीबद्दल एक वाक्य नाही.

मानधन तुटपुंजं आहे, सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, हे खरंच आहे. त्यासाठी या बायका रस्त्यावर उतरल्या, २०२३ च्या डिसेंबरात संपावर गेल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, हाही लांबच्या लढाईचाच भाग. ती लढाई चालूच राहील. पण तेवढ्यात जी वाट आज उघडी आहे, ती तरी तिला दिसू नये?

आणि हे घडतंय कुठे, तर जिथे अंगणवाडीची मुळं आहेत त्याच मुलखात! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं आपण शाळेत ऐकली. त्यांच्याकडे मी आज नोकरदार बायका म्हणून बघते. ताराबाई राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. ते मानाचं पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात गेल्या. अनुताई पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग नोकरी करत करत रात्रशाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिक. पुण्यातली अशी नोकरी कुणी सोडतं का? पण १९४५ साली, पस्तिशीत, ताराबाईंच्या सोबतीने त्या बोर्डीला आल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर रमल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

या गोष्टीत मला मोलाचं वाटतं ते हे, की अनुताईंना दिशा दाखवणारी बाई त्यांच्यापेक्षा वयाने अठरा वर्षांनी मोठी आणि त्याच कामातली होती. व्यासपीठावरून भाषण करून ती निघून गेली नाही. शेजारी बसून काम केलं, सोपवलं. आणि अनुताईंनीही शिकणं सोडलं नाही. १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या बी.ए. झाल्या. आपल्याकडे तिशीतली बाई म्हणते, "आता या वयात कुठे पुस्तक हातात धरू!"

म्हणून माझं म्हणणं मुख्य सेविका, मुख्याध्यापिका, मेट्रन, दुकानाची मालकीण, कारखान्यातली सुपरवायझर यांना आहे. तुमच्या हाताखाली चार बायका असतील तर वर्षातून एकदा प्रत्येकीला अर्धा तास द्या. चुका काढायला नको, त्या रोज निघतातच. तुझा हात कशात चांगला आहे, काय जड जातं, दोन वर्षांनी कुठे असावंसं वाटतं, एवढंच विचारा. पॅकिंगवाली बाई हिशेबात पक्की आहे हे तुम्हाला दिसतं, तिला ते कळतच नाही. "शिकवली तर सोडून जाईल," अशी भीती काहींना वाटते. जाईलही एखादी. पण दहा वर्षं मान खाली घालून काम करणारी मनाने केव्हाच गेलेली असते, त्याचं काय?

आणि मैत्रिणींनो, वरच्यांची वाट बघत बसू नका. नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, पीएफचा नंबर घरात एका पिशवीत नीट ठेवा. नोकरी बदलली तरी पीएफचा तो नंबर तोच राहतो. पदवी राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येते. संध्याकाळी एक तास लागेल, आणि तो घरातूनच काढावा लागेल. भाकऱ्या कुणीतरी दुसऱ्याने थापाव्या लागतील किंवा त्या दिवशी भातावर भागवावं लागेल. नवऱ्याला, सासूबाईंना हे आधीच सांगितलेलं बरं, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

ती मदतनीस परवा पुन्हा भेटली. सतरा नंबरचा फॉर्म कुठल्या शाळेत मिळतो ते विचारून आली होती. शाळा सोडल्याचा दाखला मात्र माहेरी राहिलाय, तलासरीला. रविवारी आणायला जाणार आहे.