डोकी मोजून रस्ता

खेड्याला रस्ता द्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपले राज्यकर्ते शिरगणतीत शोधत आले आहेत. 1974 साली पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजांचा कार्यक्रम आला, तेव्हा दीड हजार व त्याहून अधिक वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देण्याचे ठरले. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि ही मर्यादा सपाट प्रदेशात 500 वर, तर डोंगराळ राज्ये, वाळवंट व आदिवासी क्षेत्रांत 250 वर आली. महसुली गावाऐवजी वाडी, पाडा, तांडा हा घटक धरला गेला. दीड लाखाहून अधिक वस्त्या या योजनेने जोडल्या. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मर्यादा कितीही खाली आणली, तरी तिच्याखाली कोण उरतो, हा प्रश्न राहतोच. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके पाहा. सातपुड्यात गाव एका ठिकाणी वसत नाही. पाणी आणि कसता येण्याजोगी जमीन जिथे सापडेल तिथे चार घरे. मग दरी, आणि पलीकडे पुन्हा दहा घरे. योजनेच्या नियमांत 500 मीटरांच्या परिघातील, आणि डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंतच्या, वस्त्या एकत्र मोजण्याची सोय आहे. त्याहून विखुरलेला लहान पाडा हिशेबातून गळतो. मग पावसाळ्यात अडलेली बाळंतीण बांबूच्या झोळीत घालून माणसांच्या खांद्यांवरून न्यावी लागते.

पैसा मर्यादित आहे, तेव्हा अधिक लोकांचा लाभ आधी पाहावा, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण लोकसंख्या ही रस्त्याच्या अभावामुळेही घटते, हे तो विसरतो. रस्ता नाही म्हणून शिक्षक व परिचारिका टिकत नाहीत, तरुण मजुरीसाठी गुजरातेत जातात, आणि उरलेल्यांची संख्या पुरेशी नाही म्हणून रस्ता मिळत नाही. नर्मदाकाठच्या मणिबेलीला मतदानपथक बोटीने पोहोचते. एका मताचे मोल जर संख्येवर ठरत नाही, तर एका बाळंतपणाचे का ठरावे?

दुसरी गोष्ट, डांबर पडले म्हणजे दळणवळण आले असे नव्हे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून गरिबाचे वाहन एसटी हेच राहिले. 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना तिच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या पाड्याकडे एसटी जातच नाही, तेथील स्त्री खासगी जीपचे पूर्ण भाडे मोजते. सवलतीची सर्वाधिक गरज जिला आहे, तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला: 25,000 वस्त्या आणि 62,500 किलोमीटर रस्ते. त्याचा पाया मात्र 2011 च्या जनगणनेचा, कारण 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. नव्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक 1 मार्च 2027 हा ठरला आहे. त्या नोंदींवर पुढील योजना आखल्या जातील, तेव्हा कागदावर नसलेला पाडा आणखी मागे पडेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या तालुक्यातील प्रत्येक पाड्याचे नाव, घरे, माणसे आणि पावसाळ्यात तुटणारी वाट यांची यादी करून ती ग्रामसभेत ठरावासह नोंदवावी. आणि मागणी स्पष्ट ठेवावी: रस्त्याचा अग्रक्रम ठरविताना डोक्यांच्या संख्येबरोबर दवाखान्याचे अंतर व वाट बंद राहण्याचे दिवसही मोजले जावेत, आणि रस्ता मंजूर करतानाच एसटीची फेरीही मंजूर व्हावी.