कोयनाकाठची गावं : माणसं मोजायची की अंतरही?

सातारा : देशात सोळा वर्षांनी जनगणना होतेय. २०२६ मध्ये घरांची यादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असे दोन टप्पे आहेत. मोठ्या गावाला यात विशेष काही वाटणार नाही. पण शिवसागर जलाशयाच्या काठावर महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांत विखुरलेल्या वाड्यांसाठी हा आकडा मोलाचा आहे. पुढची निदान दहा वर्षं त्यांना काय मिळणार आणि काय जाणार, ते यावर ठरेल.

गावं विखुरली कशी?

कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. साठच्या दशकात ते अडलं आणि खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली. काही गावं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली जिल्ह्यांत उठून गेली. काही माणसं तिथंच डोंगरावर वर सरकली. पुढं १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि आणखी काही गावं हलली. मागं राहिल्या त्या दहा-वीस घरांच्या वाड्या. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण मध्ये पाणी. लाँच मिळाली तर अर्धा तास, नाही तर डोंगराला वळसा घालून निम्मा दिवस.

मोजणी फेब्रुवारीत, गाव भरतं मे महिन्यात

इथला तरुण मुंबई-नवी मुंबईत माथाडी काम करतो, गाडी चालवतो, हॉटेलात राबतो. मतदार यादीत त्याचं नाव गावात असतं. जनगणनेचा नियम मात्र वेगळा आहे. मोजणीच्या काळात जो पूर्णवेळ मुंबईत आहे, तो मुंबईतच मोजला जातो. गाव भरतं यात्रेला, गणपतीला, मे महिन्याच्या सुट्टीत. फेब्रुवारीत घरी असतात म्हातारी माणसं, बायका आणि मोजकी पोरं. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सातारा जिल्ह्यात ९८८. पुरुष कामासाठी बाहेर पडतात, याची खूण त्या आकड्यातही दिसते.

नियम मोजतो तो डोकी

आरोग्य उपकेंद्रासाठी मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येचा निकष आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत हिमालयातली राज्यं, ईशान्य भारत, अनुसूचित आदिवासी क्षेत्र अशा भागांना २५० वस्तीची सवलत मिळते. कोयनेचा डोंगर त्यात बसत नाही, इथं ५०० चा निकष लागतो. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्या हाच मोठा आधार. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शिक्षण विभागानं मागवले होते. सपाटीवर दुसरी शाळा सायकलच्या टप्प्यात असते. इथं पहिलीतल्या पोराला रोज पाणी ओलांडावं लागेल.

यातली खरी अडचण अशी, की माणसं कमी झाली म्हणून सोय जाते आणि सोय गेली म्हणून उरलेली माणसंही जातात. शाळा बंद झाली की तरुण बाई पोरांना घेऊन मुंबई गाठते. पुढच्या मोजणीत आकडा आणखी खाली येतो.

रिकाम्या गावाचं काय होतं?

कांदाटी खोऱ्यातलं झाडाणी हे त्याचं ताजं उदाहरण. माणसं पोटापाण्यासाठी बाहेर गेली आणि गावातली सुमारे ६२० एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याची तक्रार २०२४ मध्ये झाली. कमाल जमीन धारणा कायद्याखाली चौकशीही लागली. माणूस गेला की जमिनीवर लक्ष ठेवणारं कुणी राहत नाही. आता याच भागात 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाची आखणी आहे. पूल-रस्ते येतील, पर्यटकही येतील. पण तोवर वाडीत मूळ माणूस उरला नाही, तर रस्ता कुणाच्या दारात जाणार?

गावानं काय करायचं?

मुंबईकरांची नावं इथं घुसवून उपयोग नाही, ते चुकीचंही आहे. पण जो इथं राहतो, तो एकही सुटता कामा नये. पाण्यापलीकडच्या वाड्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, जंगलाच्या कडेची झापं घरयादीत आली का, हे सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांनी गावात विचारलं पाहिजे. यंदा मोबाइलवरून स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, पण इथं रेंज मिळेल तेव्हा. म्हणून प्रगणकाला लाँचनं वाडीपर्यंत नेण्याची तयारी आधीच हवी. दिलेली माहिती कायद्यानं गुप्त राहते, त्यामुळं भिऊन काही लपवायचं कारण नाही.

दुसरं काम ग्रामसभेचं. वस्तीच्या निकषासोबत अंतराचाही निकष लावा, असा ठराव करता येतो. आजवर इथं जिल्हा परिषदेनं लाँच आणि तरंगता दवाखाना चालवला, तो डोकी मोजून नव्हे, तर पाणी बघून. शाळा आणि रस्त्यालाही तोच हिशोब लावा, एवढीच ही मागणी आहे.