‘आपला डोसाच की!’ : एका उपमेचा समाचार

मराठी प्रवासवर्णनांत, आणि हल्ली प्रवासवर्णनाची जागा घेऊ पाहणाऱ्या सचित्र टिपणांत, प्रवासी पॅरिसला पोहोचला, आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि गाड्यावरचा क्रेप त्याच्या हाती आला, की पुढचे वाक्य कोणते येणार हे वाचकाला आता तोंडपाठ झाले आहे : ‘हा तर आपला डोसाच की!’ मग सारण निवडण्याची हकीकत येते. तिखटात काही ‘आपल्यासारखे’ मिळेना, म्हणून न्यूटेला आणि केळे घेतले जाते, आणि फ्रान्सची चव चाखल्याचा निर्वाळा देऊन लेखक पुढच्या स्थळाकडे वळतो. आमचा वाद या हकीकतीशी आहे. कोणी काय खावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि त्याची हौसही नाही. परंतु कोणी काय वाचले आणि काय न वाचताच पान उलटले, हे विचारणे साहित्याच्या विद्यार्थ्याचे कामच होय. आणि क्रेपच्या दुकानावरची पाटी ही वाचण्याचीच वस्तू आहे.

प्रथम उपमा तरी धड आहे काय ते पाहू. डोसा तांदूळ आणि उडदाची डाळ वाटून, आंबवून केलेला. क्रेपचे पीठ भिजवून थोडे मुरू देतात, आंबवण्याचा खटाटोप त्यात सहसा नसतो. आपल्या स्वयंपाकघरात त्याचे जवळचे आप्त शोधायचेच झाले तर ते कोकणातले घावन आणि देशावरचे धिरडे. पण मराठी लेखकाला परदेशात घावन आठवत नाही, डोसा आठवतो. का? कारण डोसा उपाहारगृहांच्या वाटेने अखिल भारतीय झाला, घावन मात्र सावंतवाडी-मालवणच्या चुलीपाशी राहिले. म्हणजे ज्या ‘आपलेपणा’च्या नावाने ही तुलना केली जाते, तो आपलेपणादेखील उसना, हॉटेलातला. गोव्यातले ‘आलेबेले’ पाहा : मैद्याच्या पातळ पोळीत गूळ-खोबऱ्याचे सारण घालून केलेली गुंडाळी. परके आणि घरचे तिथे खरोखर एका ताटात आले. त्याला ‘पोर्तुगीज डोसा’ म्हणण्याची बुद्धी आजवर कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

आता पाटीकडे. क्रेपचे खरे घर पॅरिस नव्हे, फ्रान्सच्या वायव्य टोकाचा ब्रिटनी प्रांत. तिथल्या क्रेपरीत पाटीचे दोन भाग असतात, खारे आणि गोड. प्रवासी समजतो की सारणे दोन प्रकारची आहेत. वस्तुतः पिठे दोन आहेत. खाऱ्या सारणासाठी बकव्हीटची गालेत, गोडासाठी गव्हाचा क्रेप. बकव्हीट म्हणजे उत्तर भारतात उपवासाला चालणारा कुट्टू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते धान्यच नव्हे. आपल्या चुक्याच्या कुळातली ती एक वनस्पती. ब्रिटनीच्या निकस, आम्लधर्मी जमिनीत गहू नीट येत नसे, तिथे हे पीक येई, आणि शतकानुशतके तिथल्या गरिबाचे पोट त्यावर भरले. गालेतचा करडा-तपकिरी रंग, किंचित कडसर, मातीच्या वासाची चव ही त्या जमिनीची खूण होय. पांढऱ्या पिठाचा, दूध-अंडी-साखरेचा क्रेप ही त्यामानाने चैनीची गोष्ट. तेव्हा पाटीवरची खाऱ्या-गोडामधली रेघ ही केवळ आवडीनिवडीची रेघ नाही. तिच्या एका बाजूला रोजचे अन्न आहे, दुसऱ्या बाजूला सणाचे.

या व्याकरणालाही बोली आहेत. पूर्वेकडे, रेन शहराच्या बाजूला, बकव्हीटची ती ‘गालेत’. पश्चिमेला फिनिस्तेरमध्ये तीच ‘काळ्या गव्हाचा क्रेप’. रेनमध्ये थंड गालेतमध्ये गरम सॉसेज गुंडाळून रस्त्यावर आणि फुटबॉलच्या मैदानावर खातात. सगळीकडे आढळणारी ‘कोंप्लेत’ म्हणजे ‘संपूर्ण’ : हॅम, किसलेले चीज आणि वर अंडे, चारही कडा आत दुमडून मधला पिवळा बलक तेवढा उघडा ठेवलेला. पण जाणता गिऱ्हाईक पुष्कळदा नुसत्या लोण्याची गालेत मागतो, कारण सारण जितके कमी तितके पीठ अधिक ऐकू येते. लोणी अर्थातच खारे. राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या मोठ्या भागावर ‘गाबेल’ नावाचा मिठाचा जाचक कर होता. ब्रिटनीला त्यातून सूट होती, त्यामुळे तिथे लोण्यात मीठ घालणे परवडत असे. तो कर १७९० साली गेला, खारे लोणी राहिले. एका चमचाभर लोण्यात इतका इतिहास असतो, आणि आमचा प्रवासी ‘हे फारच साधे’ म्हणून पुढच्या ओळीवर जातो.

पुढची ओळ न्यूटेलाची. हा पदार्थ इटलीचा, १९६४ साली बाजारात आलेला. पॅरिसच्या गाड्यावर तो मिळतो, फ्रेंच मुले तो आवडीने खातात, याबद्दल तक्रार नाही. पण त्याच डब्याची चव पुण्यातल्या दुकानातून घरी आणता येत असताना तिला फ्रान्सचे दर्शन म्हणणे म्हणजे मूळ ग्रंथ न उघडता वेष्टनावरचा मजकूर वाचून परीक्षण लिहिणे होय.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की ही सोवळेपणाची भाषा झाली, परंपरा तरी कुठे शुद्ध असते? मान्य. ज्या खाऱ्या लोण्याच्या कॅरॅमलला आज सारे जण ब्रिटनीची पुरातन चव समजतात, त्याची मिठाई किबरों गावातल्या एका मिठाईवाल्याने १९७७ साली प्रचारात आणली. बकरीचे चीज आणि मध घातलेली गालेतही आज सर्रास मिळते. ब्रिटनीचे लोक आपल्या पाटीत भर घालतात, खोडतात, भांडतात. परंतु भर घालणाऱ्याला आधीचा मजकूर ठाऊक असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि आमच्या विद्यार्थ्यांना अधिक प्रिय. युरोपाने दोन-तीन शतके आमच्या साऱ्या गोष्टींना आपली नावे दिली, आता आम्ही त्यांच्या क्रेपला डोसा म्हटले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की हा टोला भलत्यालाच बसतो. ब्रेटन ही फ्रेंचची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातली, वेल्शची बहीण. शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण म्हणून लाकडी खडावासारखी वस्तू अडकवण्याची प्रथा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात होती. प्येर-जाकेझ हेलियास यांचे ‘ल श्वाल दोर्गय’ हे १९७५ चे आत्मचरित्रपर पुस्तक याच ब्रेटनभाषक खेड्यांतल्या दारिद्र्याचे आणि स्वाभिमानाचे. मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद भरवणाऱ्या आमच्या प्राध्यापकवर्गाने ते अवश्य वाचावे. पॅरिस ते ब्रेस्त रेल्वे १८६५ साली पूर्ण झाली, आणि तिच्या वाटेने मोलकरणी आणि मजूर होऊन ब्रेटन माणसे राजधानीत आली. त्यांची गाडी ज्या मोंपार्नास स्थानकात थांबे त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आजही क्रेपऱ्यांची दाटी आहे. अशा माणसांच्या अन्नाला आधी पॅरिसने ‘फ्रेंच’ म्हणून आपलेसे केले, आणि आता आम्ही त्यावर ‘फ्रेंच डोसा’ असे दुहेरी शिक्कामोर्तब करतो. यात वसाहतवादाला प्रत्युत्तर कसले?

सारण निवडताना मराठी माणूस अडखळतो याचे एक खरे कारण आहे, आणि त्याबद्दल टिपणकारांनी लिहिले असते तर आम्ही आनंदाने वाचले असते. आपल्या ताटात गोड आणि तिखट शेजारी नांदतात. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी येते, श्रीखंडपुरीच्या मध्येच कोशिंबिरीचा घास घेतला जातो. क्रेपरीत मात्र आधी खारे, मग गोड, आणि गोडानंतर पुन्हा खाऱ्याकडे वळणे नाही. आपले जेवण ताटभर पसरते, त्यांचे क्रमाने पुढे सरकते. गोड क्रेप आधी मागून मग ‘चवीपुरती’ गालेत मागणाऱ्या पाहुण्याकडे वाढपी चमकून का पाहतो, ते यातून कळते. खरी तुलना इथे सुरू होऊ शकते.

राहता राहिला शाकाहाराचा प्रश्न, ज्याच्या आड बरेच जण लपतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींबरोबर आचारी जातो आणि आल्प्सच्या पायथ्याशी पोळीभाजी वाढली जाते. त्याची टिंगल आम्ही करणार नाही, व्रत हे व्रत असते. किंबहुना ते कडकपणे पाळणाऱ्याने नुसते हॅम वगळून भागत नाही, कारण ‘बिलिग’ म्हणजे गालेतचा तो मोठा गोल तवा पूर्वी डुकराच्या चरबीने माखत आणि कुठे कुठे आजही माखतात. ते विचारावे. पण विचारणाऱ्याच्या कानांवर दुसरेही काही पडेल. ब्रिटनीच्या कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य असे, आणि शुक्रवार हाच गालेतचा वार. उत्तर भारतात नवरात्रात कुट्टू, ब्रिटनीत शुक्रवारी कुट्टूच. डोशाच्या उपमेला हे साम्य दिसणार नाही, कारण ती पिठापर्यंत पोहोचतच नाही.

आणि त्याच पाटीच्या तळाशी, सफरचंदाच्या सिद्रच्या जवळपास, बहुधा ‘ले रिबो’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. ते ताक. गरम गालेतबरोबर ते गार पितात. कैक वर्षे युरोपात ‘आपले’ काही शोधत फिरलेल्या मराठी टिपणांपैकी जेवढी आमच्या वाचनात आली, त्यांतल्या एकातही त्याचा उल्लेख आम्हांस आढळला नाही.