तान्जिरोला गाठायचं तर

निपाणीच्या पोराला जपानी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा असेल तर आधी दिशा ठरवावी लागते. वर कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, खाली बेळगाव पंचाहत्तरच्या घरात. वर जायचं तर कोगनोळीचा नाका येतो, दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. खाली जायचं तर तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल आणि काकती मागं टाकत शहर गाठायचं. रस्ता तोच, पुणे-बंगळूर महामार्ग. सिनेमा लागायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर खल चालतो तो याच गोष्टींचा. जपानी आवाजातला शो कुठं आहे, हिंदीतला कुठं, तिकीट केवढ्याला, आणि सुटल्यावर परतीची गाडी मिळणार का.

१२ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी हा खल शिगेला पोचला. त्या दिवशी ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ भारतभर लागला. जपानमध्ये तो १८ जुलैला आला होता. कोयोहारू गोतोगे यांच्या चित्रकथेवरची ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका. तैशो काळातल्या जपानमधला तान्जिरो हा कोळसा विकणारा पोरगा, राक्षसांनी त्याचं घर संपवलेलं, वाचलेली बहीण नेझुको स्वतःच राक्षसीण झालेली. यूफोटेबल स्टुडिओनं काढलेला आणि हारुओ सोतोझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा दोन तास पस्तीस मिनिटांचा. भारतात तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मोठ्या शहरांत पहाटे पाच-सहाचे शो लागले. असा मान आपल्याकडं रजनीकांतच्या सिनेमाला मिळतो. बघता बघता भारतातली कमाई पन्नास कोटींच्या पुढं गेली, तेव्हा ज्यांना ‘कार्टून’ म्हणजे लहान पोरांना जेवताना लावून द्यायची गोष्ट वाटायची, त्यांनीही मान वळवून पाहिलं.

योगायोग असा की त्याच १२ सप्टेंबरला कर्नाटक सरकारनं अधिसूचना काढली : सिनेमाचं तिकीट कर सोडून दोनशे रुपयांच्या वर नको. पंचाहत्तर किंवा त्याहून कमी खुर्च्यांची प्रीमियम दालनं तेवढी वगळली. नदीपलीकडं महाराष्ट्रात अशी मर्यादा नाही. सीमाभागातल्या कॉलेजच्या पोरांना अर्थशास्त्राचा याहून चांगला धडा कुठल्या मास्तरानं दिला नसता. बेळगावला तिकीट स्वस्त पण अंतर जास्त, कोल्हापूरला अंतर कमी पण तिकिटाला लगाम नाही. हिशेब जुळेपर्यंत २३ तारखेला उच्च न्यायालयानं त्या नियमाला स्थगिती दिली. अकरा दिवसांचा खेळ.

आता यात सीमाभागाचं म्हणून काय वेगळं? भाषा.

बेळगावात सिनेमा आणि भाषा या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. पुलंच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब याच गावचे, आणि त्यांची मराठी कानडीच्या फोडणीशिवाय पुढं सरकत नसे. तेव्हा त्या मिसळीचं कुणाला वावडं नव्हतं. पुढं पाट्यांवरून, बसवरून, नाटकांवरून, संमेलनांवरून इतकं झालं की कुठल्या थिएटरात कुठल्या भाषेचा सिनेमा लागला, कुणाचा शो उतरवला, ही बातमी व्हायला लागली. मराठी सिनेमाला चांगली वेळ मिळाली नाही की मराठी माणूस खट्टू, मिळाली की दुसरीकडं कुणाच्या कपाळाला आठी. डबिंगचंही तेच. दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायला तिथल्या चित्रपटसृष्टीनं कित्येक दशकं अघोषित बंदी घातली होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं तिच्या विरोधात निकाल दिला, मगच ती गाठ सैल झाली.

अशा मुलखात तान्जिरो येतो तो मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही. पडद्यावर जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. दोन्हींपैकी एकही बेळगावच्या टिळकवाडीची नाही, शहापूरची नाही की खडेबाजारातली नाही. कुणी कुणाला ‘आमच्या भाषेत का नाही’ म्हणून विचारावं तर विचारायला जागाच नाही. मराठी माध्यमातला, कन्नड माध्यमातला, कॉन्व्हेंटातला आणि उर्दू शाळेतला, सगळे सारखेच परके आणि सारखेच घरचे. मध्यंतरात मात्र तोंडं सुटतात ती आपापल्या पद्धतीनं. ‘अरे मागं ये की, इथं जागा हाय’ या हाकेला पलीकडून कानडीत उत्तर येतं आणि दोघंही शेजारी बसून तान्जिरोचा साथीदार झेनित्सू याच्या तलवारबाजीवर हिंदीत भांडतात. याला लगेच भाषासंगमाचं नाव देऊन हार घालायची गरज नाही. ही पोरं सीमाप्रश्न सोडवायला आलेली नसतात, मारामारी बघायला आलेली असतात. पण दोन-अडीच तास तो प्रश्न कुणाला आठवत नाही, एवढी नोंद करायला हरकत नाही.

ही हौस आली कुठून, याचं उत्तर घरातल्या टीव्हीत आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली आला, तो निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९ ची मालिका. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानचा हिंदी आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्या वेळी गल्लीतल्या एकाच टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलेल्या पोरांना हे जपानी आहे याचा पत्ता नव्हता. मग पोकेमॉन, ड्रॅगन बॉल झी, डोरेमॉन, शिनचॅन. शिनचॅनवर तर २००८ मध्ये सरकारनं बंदीही घातली, कारण तो आईबापांना उलटून बोलायचा. त्याच्या पुढच्या वर्षी तो परत आला, आणि घरोघरची पोरं तोवर उलटून बोलायला शिकलेलीच होती. सीमाभागातल्या पोरांची हिंदी शाळेपेक्षा डोरेमॉन-शिनचॅननं जास्त पक्की केली, असं म्हटलं तर हिंदीच्या बाईंनी रागावू नये. नंतर हातात मोबाइल आला, डेटा स्वस्त झाला आणि ‘सब की डब’ हा वाद जन्मला. जपानी आवाज ठेवून खालची अक्षरं वाचणारे एका बाजूला, हिंदीत ऐकणारे दुसऱ्या. हा वाद मिटत नाही, आणि मिटावा असं कुणाला वाटतही नाही.

मोठ्या पडद्याचं दार मात्र मागून उघडावं लागलं. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लावा, म्हणून २०१९ मध्ये इथल्या रसिकांनी ऑनलाइन अर्ज फिरवला. पन्नास हजारांवर सह्या झाल्या. ११ ऑक्टोबर २०१९ ला सिनेमा लागला आणि शिंकाई स्वतः दिल्लीला आले. ‘सुझुमे’च्या वेळी, एप्रिल २०२३ मध्ये, ते मुंबईलाही येऊन गेले. सह्या करून सिनेमा मागवणारा प्रेक्षक आपल्याकडं विरळा. आपण बहुतेकदा सह्या करतो त्या सिनेमा बंद पाडायला.

त्याआधीची एक गोष्ट मात्र सह्यांनी नव्हे, विरोधानं अडली. युगो साको हे जपानी माहितीपटकार १९८३ मध्ये रामायणाशी संबंधित उत्खननांवर काम करायला भारतात आले आणि रामकथेच्या प्रेमात पडले. तिचा ॲनिमेशनपट करायचं त्यांनी ठरवलं, तर इथून आक्षेप गेला : परक्या माणसानं आमच्या रामाला कार्टून करू नये. सरकारनं हात आखडला, आणि सिनेमा जपानमध्येच बनला. सोबतीला होते राम मोहन, भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू. संगीत वनराज भाटियांचं, आणि संस्कृत गीतं कुणाची, तर वसंत देवांची. मराठी नाटकं हिंदीत नेणारे, ‘सारांश’च्या गीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे तेच देव. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सिनेमा दाखवला गेला, पण थिएटरांत सर्वत्र असा लागलाच नाही. अयोध्येवरून देश तापलेला होता, रामाच्या सिनेमाला हात कोण लावणार? मग हिंदी रूपांत अरुण गोविल राम झाले, अमरीश पुरी रावण, आणि सिनेमा टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागून एका पिढीला पाठ झाला. २४ जानेवारी २०२५ ला तो फोर-के करून थिएटरांत आला. ॲनिमे म्हटलं की नाक मुरडणारी आजी ज्या एका सिनेमाला नातवाचा हात धरून येऊ शकते, तो हा. त्याच्याही भाषा हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगू. वितरकांच्या नकाशात आपली जागा कुठं आहे, हे यावरून कळतं. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३४ च्या सुमारास ‘जंबूकाका’ नावाचा चित्रांचा छोटा सिनेमा काढला होता, हे त्या वितरकांना सांगून फारसा उपयोग होईल असं वाटत नाही.

सीमाभागाची खरी गंमत, किंवा चेष्टा, २०२१ मध्ये झाली. ‘डेमन स्लेअर’चा आधीचा सिनेमा ‘मुगेन ट्रेन’. जपानमध्ये त्यानं ‘स्पिरिटेड अवे’चा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडून चार हजार कोटी येनांचा पल्ला गाठला होता. भारतात तो लागला १३ ऑगस्ट २०२१ ला. महाराष्ट्रात तेव्हा करोनामुळं थिएटरांना कुलूप, ते निघालं २२ ऑक्टोबरला. कर्नाटकात जुलैपासून थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडलेली. म्हणजे निपाणीकरांनी सरळ बेळगाव गाठायचं? तर नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं महाराष्ट्र आणि केरळला लागून असलेल्या आठ जिल्ह्यांना शनिवार-रविवारची संचारबंदी लावली, त्यात बेळगाव पहिल्या रांगेत. शुक्रवारी रात्री नऊला शहर बंद, ते सोमवारी पहाटे पाचला उघडणार. आणि १३ ऑगस्ट नेमका शुक्रवार. बंगळूरचा माणूस निवांत रविवारचा शो बघू शकत होता, बेळगावचा नाही, कारण त्याचा जिल्हा महाराष्ट्राला चिकटलेला. कोल्हापूरकर मित्रानं इकडं यावं म्हटलं तर कोगनोळीला आरटीपीसीआरचा कागद दाखवायचा. राक्षसांच्या रेल्वेवरचा सिनेमा, आणि प्रेक्षकाला नाकाही ओलांडता येईना. बऱ्याच जणांनी तो पुढं मोबाइलवर पाहिला. त्यातल्या रेंगोकू या वीराचा शेवट पाच-सहा इंचांच्या काचेवर बघितल्याची सल २०२५ च्या गर्दीत नक्की मिसळलेली होती.

त्या गर्दीचं वागणंही बघण्यासारखं. हिरव्या-काळ्या चौकटीचा तान्जिरोचा अंगरखा घातलेला एखादा असतोच, आणि तो कुठूनही ऑनलाइन मागवलेला नसून आईच्या मशिनवर शिवलेला असला तर चौकटी खांद्यावर जुळत नाहीत, तरी फोटो त्याच्याबरोबरच काढले जातात. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मूळ चित्रकथा २०२० मध्येच संपलेली. तरीही संगीत नाटकाला बसलेल्या जुन्या बेळगावकराला जसं पद कधी येणार हे ठाऊक असून तो सावरून बसायचा, तशी ही पोरं झेनित्सूची वीज चमकायच्या आधीच शिट्टीसाठी बोटं तोंडात घालून तयार. आणि अकाझा या राक्षसाची माणूस असतानाची कथा सुरू झाली की तीच पोरं गप्प. वाग्दत्त वधू, तिचा बाप, विषाची विहीर. शेजारचा नाक ओढतोय ते ऐकू येतं आणि कुणी कुणाची चेष्टा करत नाही.

नेमका यात घोळ घालतं मध्यंतर. जपानी सिनेमाला मध्यंतर नसतं, दिग्दर्शकानं ते कल्पिलेलंच नसतं. आपल्याकडं समोसे विकायचे असतात. त्यामुळं तलवार हवेत असताना पडदा काळा होतो, दिवे लागतात आणि दाताच्या पेस्टची जाहिरात सुरू होते. प्रेक्षागृहातून जो एकमुखी ओरडा उठतो, त्याला भाषांतर लागत नाही. थिएटरवाल्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं की कापायचंच असेल तर निदान सिनेमा एकदा बघून कापा. दुसरी मागणी वेळेची. या सिनेमांना सकाळी नऊचा किंवा रात्री साडेदहाचा शो देऊन ‘प्रेक्षक येत नाही’ म्हणायचं, हे बरं नव्हे. साडेदहाचा शो सुटतो रात्री एकच्या पुढं. तेव्हा संकेश्वर-निपाणीच्या पोरानं बसस्थानकावर पहाटेची वाट बघायची, की दुचाकीवर तिघांनी तवंदी घाट चढायचा? घरच्यांना दुसरा पर्याय कळला तर पुढचा सिनेमा बंद.

आणि पुढचे सिनेमे आहेत. २०२५ च्या त्याच सप्टेंबरच्या २६ तारखेला शिनचॅनची टोळी भारतात येऊन नाचते असा सिनेमाच इथं लागला, ज्याच्या गोष्टीसाठी कासुकाबेची ती पोरं जपान सोडून आपल्याकडं आली. ‘इन्फिनिटी कॅसल’ तर तीन भागांतला पहिला. राक्षसांचा म्होरक्या मुझान याच्याशी शेवटची लढाई अजून व्हायची आहे. परतीच्या वाटेवर, हत्तरगीच्या अलीकडच्या ढाब्यावर चहा घेत, दुसऱ्या भागाला कोल्हापूर की बेळगाव यावर दोन तट पडतात. डबवाले कोल्हापूर म्हणतात, सबवाले बेळगाव. एकजण मोबाइलवर पेट्रोलचा हिशेब मांडतो आणि ज्याचा ज्याचा वाटा राहिलाय त्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखवतो.