सायबर ठाण्यात तिच्या शेजारी कुणीतरी हवं

प्रति,
मा. सचिव, गृह विभाग आणि मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन



१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार पोलीस लिहून घेतील, पण तिचं पुढे काय होतं हे पाहायला प्रशिक्षित कार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत हवी, हा त्यामागचा विचार. शासनाने तो आपला मानला आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. मोबाइलवरून छळ होतो तेव्हा मात्र सायबर ठाण्यात बाई अजून एकटीच उभी असते.

जुन्या मित्राने खासगी फोटो टेलिग्रामवर टाकलेली मुलगी आधी अंमलदाराला फोन दाखवते, मग लेखनिकाला, मग साहेबांना. प्रत्येक जण फोटो पाहतो. 'मुळात काढू कशाला दिलेस?' हेही कुणीतरी विचारतंच. याचं उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे: फोटो काढायला संमती असली, पण तो इतरांना द्यायला नसली, तर देणं हा गुन्हाच. तिला हे तिथे कुणी सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. साहेब बंदोबस्ताला गेले असतील, तर 'उद्या या'. तोवर फोटो फिरत राहतात.

हे तास फार मोलाचे आहेत. घाबरलेली मुलगी चॅट पुसते, अकाउंट बंद करते आणि हातातला पुरावा घालवते. काही पुसण्याआधी लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायला कार्यकर्ती शिकवू शकते. असे फोटो तक्रार आल्यापासून काही तासांतच हटवण्याचं बंधन माहिती तंत्रज्ञान नियमांनीच कंपन्यांवर घातलं आहे. ती तक्रार ठाण्यातच बसून करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळावर तर फोटो तिच्या फोनमध्येच राहतो, सहभागी कंपन्यांकडे जातो तो फक्त त्याचा डिजिटल ठसा.

पण खरं काम घरी असतं. फोन पुरावा म्हणून जमा होणार म्हटलं की तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, 'घरी काय सांगू?' कारण घरी कळलं की कॉलेज बंद, फोन बंद आणि मामाच्या ओळखीतलं स्थळ. तक्रार बहुतेकदा इथेच मागे घेतली जाते. आईला समोर बसवून, बापाचा राग उतरेपर्यंत थांबून, मुलीचं शिक्षण सुरू राहील असं बघणं हे पोलिसांना शिकवलेलं नाही. विशेष कक्षातल्या बायका मारहाणीच्या प्रकरणांत हेच करत आल्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सायबर पोलीस ठाण्यात विशेष कक्षाची कार्यकर्ती नेमा, तिला डिजिटल पुराव्याचं प्रशिक्षण द्या, आणि जबाब घेताना ती हजर राहील असा लेखी आदेश काढा. तक्रारीतले फोटो तपास अधिकाऱ्याखेरीज कुणी उघडायचे नाहीत, हेही त्याच आदेशात लिहा.

आपली,
एक समाजकार्यकर्ती