खाडा पडेल म्हणून तपासणी राहते

स्तनाच्या कर्करोगावर व्याख्यान असले की वक्ते हमखास सांगतात, वस्तीतल्या बायका लाजतात, त्यांना माहिती नसते, म्हणून त्या उशिरा येतात. वस्तीत काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हे मान्य नाही. लाज आहे, भीती आहे, तुकडा काढला की रोग पसरतो हा गैरसमजही आहे. पण सर्वात मोठा अडसर मजुरीचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

नारायण पेठेतल्या कोणत्याही जिन्यावर सकाळी उभे राहा. जनता वसाहत, दांडेकर पूल अशा वस्त्यांतून आलेल्या बौद्ध, मातंग, मुस्लिम बाया चार-पाच घरची धुणीभांडी, केर-लादी, पोळ्या उरकत असतात. सरकारी दवाखान्यात केसपेपर निघतो तोही सकाळीच. एक दिवस तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग तुकडा, मग रिपोर्ट. म्हणजे किमान तीन-चार खाडे. खाड्याचे पैसे कापणारी घरे आहेत, 'दुसरी बाई बघतो' म्हणणारीही आहेत. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी हातची कामे कोण घालवेल?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, 30 ते 49 वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया एक टक्काही नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसते, हे चांगलेच आहे. पण योजनेचे कागद रिपोर्ट हातात आल्यावर हलतात. रिपोर्टपर्यंतचा रस्ता बाईने स्वतःच्या मजुरीवर चालायचा.

'अडाणी बायका येतच नाहीत' या समजाला उत्तर मुंबईनेच दिले आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून तिथल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. यंत्र नाही, मोठा डॉक्टर नाही. 2021 साली निष्कर्ष छापून आले. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तपासणी वस्तीपर्यंत आली तर बाई नाही म्हणत नाही, एवढे यातून दिसते.

मग जबाबदारी कुणाची? 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले होते. स्त्रीच्या श्रमातून ज्याला लाभ होतो त्या मालकाने खर्चाचा वाटा उचलला पाहिजे आणि सरकारनेही भार घेतला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. ती गिरणी कामगार स्त्रियांसाठी होती. आज गिरणीच्या जागी घर आहे. 2008 साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण भरपगारी रजेचा हक्क त्यात नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. तपासणी ते रिपोर्ट या काळातल्या खाड्यांचे पैसे कापू नयेत, आणि मंडळाने नोंदणीकृत कामगारांना त्या दिवसांची भरपाई द्यावी. महापालिकेने प्रशिक्षित नर्स रविवारी आणि संध्याकाळी वस्तीत पाठवावी. आपल्या विहारांनी आणि महिला मंडळांनी त्यासाठी पडदा लावलेली खोली द्यावी. जयंतीला मंडप उभारणाऱ्या हातांना हे जड नाही.

पेठेतल्या वाचकांना एवढेच विचारतो: तुमच्या घरची बाई उद्या 'दवाखान्यात जायचंय' म्हणाली, तर तुम्ही पहिला प्रश्न गाठीचा विचाराल की भांड्यांचा?

जय भीम.