एकशे वीस रात्री

परवा रात्री जेवताना आमच्या चिरंजीवांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, 'आई, एक लाख ऐंशी हजार झाले!' मला वाटलं रुपये. मी म्हटलं, 'अरे वा, बोनस का?' तर म्हणे, 'नाही गं, पॉइंट. हॉटेलचे.' बोर्डात आलेल्या मुलाने गुणपत्रिका दाखवावी तसा चेहरा होता. सूनबाई मात्र काही बोलल्या नाहीत. नात आमटीतल्या शेंगा वेगळ्या काढत होती.

मला या पॉइंटांचं गणित नीट ठाऊक नव्हतं, म्हणून जेवणं झाल्यावर त्याला शेजारी बसवून विचारून घेतलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण शाळेत शिक्षक कमी असले की पाचवीचं गणितही माझ्याच गळ्यात पडायचं. त्यामुळे व्यवहारी अपूर्णांक अजून हातात आहेत.

प्रकार असा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली नेहमीच्या प्रवाशांना मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तोच धडा गिरवला. युक्ती खरी हुशारीची आहे. बिल भरते कंपनी, पॉइंट मिळतात कंपनीच्या माणसाला. मग तो माणूस पुढच्या खेपेस ऑफिसच्या पैशाने त्याच हॉटेलात उतरायला बघतो. (केंद्र सरकारने याला पूर्वीच चाप लावला आहे. सरकारी दौऱ्याच्या विमानप्रवासात मिळालेले मैल सरकारी तिकिटासाठीच वापरायचे, असा नियम आहे. जर्मनीत तर २००६ साली तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने असे मैल मालकाचे ठरवले. आमच्या मुलाची कंपनी खासगी आहे आणि तिची याला हरकत नाही, एवढं मी आधी विचारून घेतलं.)

आता त्याचं खातं. मॅरियटच्या 'बॉन्व्हॉय' योजनेत बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या बिलामागे दहा पॉइंट मिळतात. वर्षाला पन्नास रात्री काढणाऱ्याला 'प्लॅटिनम' म्हणतात आणि त्याला वर पन्नास टक्के जास्त देतात. साधारण शंभर डॉलरची, म्हणजे साडेआठ-नऊ हजारांची खोली धरली, तर रात्रीला दीड हजार पॉइंट होतात. एक लाख ऐंशी हजार भागिले दीड हजार.

एकशे वीस.

मी कागदावर तो आकडा लिहिला आणि त्याच्याकडे सरकवला. 'या काय?' म्हणाला. म्हटलं, 'इतक्या रात्री तू घरी नव्हतास.' तो हसला, पण कागद घडी करून खिशात घातला.

त्या एकशे वीस रात्रींत नातीचं गॅदरिंग झालं, तिला एकदा १०३ ताप आला होता, आणि सूनबाई मुलुंडहून अंधेरीला नोकरीला जाऊन-येऊन रात्री एकट्या तिचा अभ्यास घेत होत्या. मी तक्रार करत नाहीये. नोकरी म्हटली की हे आलंच. पण पॉइंट कुठून आले हे एकदा कळलं की ते कुणासाठी आणि केव्हा खर्चायचे, हेही आपोआप ठरतं, असं माझं मत आहे. आजचं लिहायचं कारण तेच.

त्याचं मत वेगळं. त्याला हे पॉइंट 'मोठ्या ट्रिप'साठी साठवायचे आहेत. पॅरिस, नाहीतर मालदीव. केव्हा? 'बघू, एकदा हा प्रोजेक्ट संपू दे.' त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, जवळची सहल काय, आपण खिशातूनही करू. न परवडणारी गोष्ट पॉइंटांवर करावी. मी त्याला एवढंच म्हटलं की तारीख ठरली असेल तर जरूर साठव. तारीख नसेल तर ती बचत नव्हे, नुसती साठवण आहे. आणि ही साठवण माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखी नाही, की आज ना उद्या मोडीत तरी भाव येईल.

कारण पॉइंटाला भाव लावणारा आपण नसतो. कंपन्यांच्या नियमावलीत सरळ लिहिलेलं असतं की हे पॉइंट सभासदाची मालमत्ता नाहीत. मॅरियटने २०२२ च्या मार्चमध्ये हॉटेलांचे ठरावीक पॉइंट-दर मोडीत काढायला घेतले आणि खोलीच्या भावाप्रमाणे पॉइंटही वरखाली होऊ लागले. अ‍ॅक्सिस बँकेच्या 'मॅग्नस' कार्डावरचे पाच पॉइंट दिले की हॉटेल-विमान कंपन्यांचे चार मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून दोनच मिळू लागले. माणसं रात्री झोपली आणि सकाळी पुंजी निम्मी! किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली, तेव्हा तिचे मैल साठवून बसलेल्यांच्या हाती काय राहिलं? शिवाय खातं नुसतं पडून राहिलं तरी पॉइंट जातात. बॉन्व्हॉयमध्ये चोवीस महिने, अ‍ॅकॉरच्या योजनेत वर्षभर काही व्यवहार झाला नाही तर सगळं पुसलं जातं. गीतेच्या नवव्या अध्यायात, पुण्य संपलं की स्वर्गातून पुन्हा मर्त्यलोकात येणाऱ्यांचा उल्लेख आहे. तिथे निदान स्वर्ग भोगल्यावर पुण्य संपतं. इथे न भोगताच!

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते, त्याला कारण आहे. आमचे 'हे' बँकेत होते. त्यांना एलएफसी मिळायची, म्हणजे रजेतल्या प्रवासाचं भाडं. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा कुटुंबासह लांबवर जाता येई. आम्हांला काश्मीरला जायचं होतं. पहिल्या ब्लॉकला मुलगा लहान म्हणून राहिलं. मग नव्वद साल उजाडलं आणि तिकडची परिस्थिती बिघडली. त्यानंतर सासूबाईंचं आजारपण, त्याची दहावी, त्याची बारावी. दर वेळी 'पुढच्या ब्लॉकला नक्की.' नव्वदीच्या अखेरीस एकदा तर ह्यांनी एलएफसीचे पैसेच उचलले आणि स्वयंपाकघराच्या लाद्या बदलल्या. लाद्या छान आहेत, अजून एकही तडकलेली नाही. मध्यंतरी ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. आता उंचावर जायचं म्हटलं की डॉक्टर आधी टूडी एको करायला सांगतात आणि मग मान हलवतात. एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर दल लेक दिसतं. हे म्हणतात, 'आवाज जरा मोठा कर.'

असो. तर पॉइंट खर्चायचे, पण डोळे मिटून नव्हे. माझ्या शिकवणीत दर वेळी एक गणित करायचं. त्याच खोलीचा रोख भाव करासकट काढायचा आणि लागणाऱ्या पॉइंटांनी भागायचा. समजा, पाच हजारांची खोली आहे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५,२५० रुपये. तिला बारा हजार पॉइंट मागितले, तर पॉइंटाला जेमतेम ४४ पैसे पडले. इथे सरळ पैसे द्यावेत. उलट नऊ हजारांच्या खोलीला अठरा टक्के कर धरून १०,६२० होतात. तिला पंधरा हजार पॉइंट लागत असतील तर पॉइंटाला ७१ पैसे आले. इथे पॉइंट काढावेत. काही योजनांत ही कटकटच नाही. टाटांचं एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, अ‍ॅकॉरचे दोन हजार पॉइंट म्हणजे चाळीस युरो. पण ज्याचा भाव असा बांधलेला, तो साठवण्यात काय हशील? खोल्यांचे भाव दर वर्षी चढणार, रुपया रुपयाच राहणार.

आम्हां निवृत्तांच्या हाती तर हुकमाचं पान आहे. मंगळवार! पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याला जी खोली परवडत नाही, ती मंगळवारी निम्म्या भावात मिळू शकते. तेव्हा पॉइंटांना हात लावू नये. मात्र नातवंडांना घेऊन जायचं तर शाळेच्या सुट्ट्या सांभाळाव्या लागतात, त्या दिवसांत रोख भाव कडाडतो, आणि पॉइंटांचा खरा उपयोग तिथे होतो. मात्र तिथेही खोली 'उपलब्ध नाही' हे उत्तर वारंवार येतं. म्हणून दोन-तीन महिने आधी बघायचं आणि रद्द करायची मुदत काय आहे तेही वाचायचं.

'फुकट' या शब्दापासून तर फारच जपून राहावं. आमची पहिली फुकटची रात्र लोणावळ्याची. खोली पॉइंटांवर, नाश्ता नाही. पाच माणसांचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, जादा गादी आणि दोन वेळा चहा... सकाळी बिल हातात आलं तेव्हा हे म्हणाले, 'एवढ्यात आपण धर्मशाळेत महिना काढला असता.' शिवाय ते बुकिंग मुलाच्या नावावर होतं. तो दुसऱ्या दिवशी मागून यायचा होता, आम्ही दोघं पुढे गेलो. काउंटरवरची मुलगी नम्र होती, पण ज्याचे पॉइंट त्याच्या परवानगीशिवाय चावी देईना. तो त्या वेळी विमानात. अडीच तास आम्ही त्या गारठलेल्या लॉबीत बसून होतो, जवळचे तिळाचे लाडू खात. तेव्हा, आईवडिलांना पाठवणार असाल तर बुकिंगवर त्यांचीच नावं घाला, हॉटेलला आधी फोन करा, आणि म्हाताऱ्यांनी आधारकार्ड बॅगेच्या तळाशी नव्हे, वर ठेवावं.

आणखी एक. पॉइंटांसाठी खर्च करणं ही सगळ्यात महाग सहल. आमच्या शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ क्रेडिट कार्डाशिवाय भाजीसुद्धा घेत नाहीत, 'पॉइंट येतात हो!' म्हणून. त्यांच्या कार्डावर दीडशे रुपयांमागे दोन पॉइंट. चाळीस हजारांच्या खर्चावर ५३३ पॉइंट आले, पॉइंटाला ७० पैसे धरले तर पावणेचारशे रुपयेही नाहीत. एक महिना पूर्ण बिल भरायचं राहिलं, तर साडेतीन टक्क्यांनी १,४०० रुपये व्याज आणि वर जीएसटी. तीस टक्क्यांहून जास्त वार्षिक व्याज लावणं ग्राहक आयोगाने २००८ साली गैर ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. आता ज्याने त्याने आपलं सांभाळायचं. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल तरच ते कार्ड पाकिटात असावं.

आमच्याकडे मग काय ठरलं, ते सांगते. मुलगा म्हणाला, 'बरं, तू आणि बाबा गोव्याला जाऊन या, मी बुक करतो.' मी म्हटलं, ते जमायचं नाही. घरी नसण्याने जे मिळालं, ते सगळ्यांबरोबर असण्यातच खर्च झालं पाहिजे. तू येणार असशील तर आम्ही येतो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग पहिल्यांदाच सूनबाई बोलल्या. म्हणाल्या, 'पाच दिवस. आणि लॅपटॉप घरी.'

गोवा पावसाळ्यातलं ठरलं. पणजीत मिरामारकडे एका हॉटेलात जुलैचा भाव ११,००० निघाला, करासकट १२,९८०. पॉइंट १८,०००. म्हणजे ७२ पैसे. पण बॉन्व्हॉयमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या की एका रात्रीचे पॉइंट माफ होतात. त्यामुळे ६४,९०० रुपयांची खोली ७२,००० पॉइंटांत आली, पॉइंटाला ९० पैसे. दोन खोल्यांचे १,४४,०००. खात्यात ३६,००० उरले, ते पॅरिसला ठेव म्हटलं. नाश्त्याचं विचारून घेतलं आहे. प्लॅटिनमवाल्याला तिथे मिळतो म्हणे, पण तो आणि बरोबरचं एक माणूस. बाकी आम्ही तिघं बाजारात जाऊन पाव-भाजी खाऊ. गोव्यातली ती वाटाण्याची पातळ भाजी ह्यांना आवडते, आणि डॉक्टरांचीही हरकत नाही.

वंदे भारत ठाण्याला थांबते, म्हणजे मुलुंडहून सोयीचं. आता रेल्वेची तिकिटं साठच दिवस आधी सुटतात, आणि पावसाळ्यात ती गाडी रोज नसते. नातीने कालनिर्णयवर तिकिटं काढायच्या तारखेला लाल पेनाने गोल केला आहे. त्याखाली तिने लिहिलंय, 'बाबांना उठवणे.'